जागतिक आदिवासी दिन सोसायटीत कसा साजरा करावा? भिंतीवरच्या चौकामुळे पडलेले प्रश्न

मानपाड्याचा सचिव

नमस्कार. ठाण्यात घोडबंदर रस्त्याला, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी आमची मोठी सोसायटी आहे आणि तिच्या सांस्कृतिक समितीचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. मागच्या वर्षी ९ ऑगस्टला आम्ही जागतिक आदिवासी दिन प्रथमच साजरा केला. हेतू चांगला होता, असे मला आजही वाटते. पण जे घडले ते जसेच्या तसे सांगतो. लहान मुलांना क्रेप कागदाच्या पानांचे घागरे नेसवले, डोक्याला पिसे बांधली, गालांवर पांढरे पट्टे ओढले आणि एका जुन्या हिंदी चित्रपटातल्या ‘जंगली’ गाण्यावर त्यांना नाचवले. प्रवेशद्वारालगतची भिंत सजावटीची कामे घेणाऱ्या एका कंत्राटदाराकडून वारली चित्रांनी रंगवून घेतली. पालकांनी भरपूर छायाचित्रे काढली आणि कार्यक्रम यशस्वी झाल्याची नोंद इतिवृत्तात झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आमच्या मजल्यावर गेली अकरा वर्षे कामाला येणाऱ्या आणि येऊरच्या एका पाड्यावर राहणाऱ्या मावशी त्या भिंतीसमोर थबकल्या. चपलांच्या रॅकच्या बरोबर वर कंत्राटदाराने चारी बाजूंनी नक्षीदार पट्टे असलेली एक चौकट रंगवली होती आणि तिच्यात मधोमध हात पसरून उभी असलेली एक आकृती होती. मावशींनी मला विचारले, “हा चौक कोणाच्या लग्नाचा?” मी हसून म्हणालो, “कोणाच्याच नाही, शोभेचा आहे.” त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. रॅकच्या वरच्या फळीवरच्या दोन चपला त्यांनी उचलून खालच्या फळीवर ठेवल्या आणि कामाला निघून गेल्या.

ती गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही. यंदाही कार्यक्रम करावा, असा सभासदांचा आग्रह आहे. आपल्या शेजारच्या डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांविषयी मुलांना काही कळावे, ही इच्छा खरी आहे. फक्त ते कसे करावे, हे आम्हाला उमगलेले नाही. भिंतीवर नेमके काय चुकले? पाड्यावरील तारपा नृत्याच्या पथकाला बोलावले तर चालेल का? आणि मुळात असा दिवस आमच्यासारख्या बिगर-आदिवासींनी साजरा करावा का? जाणकारांनी मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

डहाणूकडचा

मी वारली आहे, डहाणू तालुक्यात वाढलो आणि सध्या नोकरीनिमित्त ठाण्यातच राहतो. आपण चपलांची गोष्ट लिहिली नसती, तर बहुधा मी उत्तर दिले नसते.

आपल्या भिंतीवर जे रंगवले गेले तो लग्नचौक आहे आणि मधली आकृती पालघट देवीची आहे. घरात लग्न असते तेव्हाच तो लिहिला जातो. आमच्याकडे चौक काढत नाहीत, लिहितात, आणि तो लिहिण्याचा मान सवासिनींचा असतो. माझ्या बहिणीच्या लग्नात आजीने भिजवलेले तांदूळ पाट्यावर वाटून त्यांचे दाट पीठ केले होते आणि बांबूच्या काडीचे टोक दातांनी चावून चावून तिचा कुंचला बनवला होता. कारवीच्या कुडाची भिंत आदल्या दिवशी शेणाने सारवून वर गेरू दिला होता. लिहिणे चालू असताना धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गात होती, कारण तिच्या गाण्याने देवांना बोलावले जाते आणि तिच्यावाचून आमचे परंपरेचे लग्न लागत नाही. चौक पुरा झाल्यावर त्या ओसरीवरून कोणी चप्पल घालून गेले असते, तर त्याला आजीने काय सुनावले असते, ते येथे लिहिता येणार नाही. आपल्या मावशींनी काहीच न बोलता चपला खाली ठेवल्या, हा त्यांचा सभ्यपणा समजावा.

याचा अर्थ वारली चित्रांना हातच लावू नये, असा नाही. जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात ही चित्रे घराच्या भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली. लग्नाच्या विधीशी संबंध नसताना, केवळ स्वतःला चित्र काढावेसे वाटते म्हणून चित्र काढणारा पुरुष, ही गोष्ट तेव्हा आमच्या लोकांनाही नवी होती. शेतीची कामे, मासे धरणे, ताडावर चढणारा माणूस, मुंग्यांचे वारूळ, तारप्याभोवतीचा फेर असे सगळे त्यांनी आणि त्यांच्यानंतरच्या अनेकांनी रंगवले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही चित्रे विकण्यासाठी आणि दाखवण्यासाठीच काढली जातात, ती आपण जरूर घ्यावीत. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागेही ही कला कोणाची आणि तिचे पैसे कोणाच्या हातात जावेत, हाच प्रश्न होता. आपली भिंत डहाणू, विक्रमगड किंवा तलासरीकडच्या एखाद्या वारली चित्रकाराकडून रंगवून घेतली असती, तर त्याने आधी विचारले असते की ही भिंत कसली आहे आणि तिच्याखाली काय ठेवणार आहात. कंत्राटदाराने चौकट सुंदर दिसली म्हणून उतरवली. त्याच्या दृष्टीने ‘वारली’ हे नक्षीचे नाव आहे, तर आमच्यासाठी ते आमचे नाव आहे.

आता तारप्याविषयी. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचे पान आणि मेण यांपासून हे वाद्य तयार होते. ते वाजवायला छातीत दम लागतो, कारण वाजवणारा श्वास न तोडता दीर्घ वेळ वाजवत फिरत राहतो आणि हातात हात गुंफलेला फेर त्याच्यामागून वळत जातो. तारप्याकडे पाठ करून नाचायचे नसते. या वाद्याचा काळ भात पिकू लागल्यानंतरचा, साधारण दिवाळीच्या आगेमागे असतो. ऑगस्टमध्ये, वातानुकूलित सभागृहात, ध्वनिक्षेपकासमोर उभे करून ‘पाच मिनिटांत आटपा, पुढे बक्षीस समारंभ आहे’ असे सांगितलेले मी स्वतः ऐकले आहे. बोलावू नका, असे मी म्हणत नाही. आमची अनेक पथके असे कार्यक्रम करतात आणि त्यावर त्यांच्या घरचे भागते. परंतु मानधन किती, जाण्यायेण्याची गाडी कोणाची, जेवण पाहुण्यांसोबत की मागच्या दाराशी, आणि वाजवायला किती वेळ, या गोष्टी बोलावण्याआधीच ठरवाव्यात.

आणखी एक गोष्ट विचारतो, राग मानू नये. मावशी अकरा वर्षे आपल्याकडे येतात. त्यांचे आडनाव आणि जमात आपल्याला ठाऊक आहे का?

कळवेकर

मला हे सारे थोडे अति वाटते. वारली चित्रे आज साड्यांवर, चहाच्या कपांवर, रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर सर्वत्र आहेत आणि त्यामुळेच ती जगभर पोहोचली. प्रत्येक आकृतीपूर्वी परवानगी घ्यायची म्हटले, तर सामान्य माणूस घाबरून काहीच करणार नाही आणि मग ‘शहरी लोकांना आमच्याशी घेणेदेणे नाही’ ही तक्रार उरेलच. मुलांचा नाच हा मुलांचा नाच होता.

डहाणूकडचा

कळवेकर, कपावर नाचणारी माणसे असली तर माझी काहीच हरकत नाही. तसा एक कप माझ्याही घरी आहे. एखाद्या परगावच्या सजावटकाराने आपल्या देव्हाऱ्यातील टाक शोभेला म्हणून पायपुसण्यावर छापले, तर आपण ‘तेवढाच प्रसार झाला’ असे म्हणाल का? मुलांच्या नाचाबद्दल म्हणाल, तर पानांचे घागरे आणि पिसे आमच्यात नाहीत. आमच्या बायका गुडघ्यापर्यंतचे लुगडे नेसतात. तो वेश चित्रपटवाल्यांनी कल्पनेने तयार केलेला आहे आणि माझी पाच वर्षांची भाची शाळेतून येऊन ‘आदिवासी म्हणजे हुर्र हुर्र करणारे’ असे सांगते, तेव्हा तिला तू स्वतःच आदिवासी आहेस हे समजावून सांगणे मला जड गेले आहे.

निवृत्त आश्रमशाळा शिक्षिका

मी स्वतः आदिवासी नाही. जव्हार आणि मोखाड्याच्या भागातील आश्रमशाळांत मराठी शिकवण्यात माझी सव्वीस वर्षे गेली, त्या अनुभवावर लिहीत आहे.

सचिवांनी विचारले की, हा दिवस बिगर-आदिवासींनी साजरा करावा का. संयुक्त राष्ट्रांच्या मूलनिवासी लोकसमूहांविषयीच्या कार्यगटाची पहिली बैठक ९ ऑगस्ट १९८२ रोजी जिनिव्हात झाली, त्याची आठवण म्हणून आमसभेने १९९४ मध्ये हा दिवस ठरवला. म्हणजे त्याचा उगम नाचगाण्यात नसून हक्कांच्या चर्चेत आहे, आणि आपल्याकडील आदिवासी संघटना तो मोर्चे काढून, मिरवणुका काढून, आपल्या मागण्या मांडून पाळतात. त्या दिवशी आपण यजमान व्हावे आणि त्यांना पाहुणे म्हणून बोलवावे, ही रचनाच मला उलटी वाटते. त्या दिवशी त्यांच्या कार्यक्रमाला जाऊन मागच्या रांगेत बसावे. सोसायटीतील कार्यक्रमाला दुसरा कुठलाही दिवस चालेल.

दिवस निवडताना शेतीकडे पाहावे, हे मी फार उशिरा शिकले. पहिल्या वर्षी मी जुलैच्या मध्यावर पालकसभा ठेवली आणि एकही पालक आला नाही, तेव्हा ‘या लोकांना शिक्षणाची आस्था नाही’ असे मी वहीत लिहिले होते. ते वाक्य आजही मला टोचते, कारण सगळी माणसे आवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, गुडघाभर चिखलात होती आणि रोप एकदा राबातून, म्हणजे रोपांच्या वाफ्यातून, उपटले की ते माझ्या सभेसाठी थांबणार नव्हते. ऑगस्टच्या सुरुवातीला आवणी उरकत आली तरी बेणणी, म्हणजे तण काढणे, असतेच. भात घरात आले की माणसे मोकळी होतात, पण तेही सरसकट खरे नाही, कारण कातकरी कुटुंबे त्याच सुमारास वीटभट्ट्यांवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात.

यावरून दुसरी गोष्ट. ‘आदिवासी संस्कृती’ असे एकवचनी काही नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात अनुसूचित जमातींचे १ कोटी ५ लाख लोक आहेत, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ९ टक्क्यांहून अधिक. नुसत्या ठाणे-पालघर पट्ट्यातच वारली, कातकरी, महादेव कोळी, मल्हार कोळी, ठाकूर आणि कोकणा हे समाज शेजारी शेजारी नांदतात. कातकऱ्यांचे नाव खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या त्यांच्या जुन्या व्यवसायावरून आले, आणि शासनाने राज्यात ज्या तीन जमाती अतिदुर्बल म्हणून नोंदवल्या आहेत त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर त्यांचा समावेश आहे. त्यांच्या घरी जाऊन वारली चौकाचे कौतुक करणे म्हणजे कोल्हापूरकराला नागपुरी वडाभाताबद्दल शाबासकी देणे होय. शब्दांचेही तसेच आहे. संविधानात ‘अनुसूचित जमाती’ असा शब्द आहे, बहुतेक लोक स्वतःला ‘आदिवासी’ म्हणवतात, आणि ‘वनवासी’ हा शब्द अनेकांना मुळीच रुचत नाही, कारण त्यात आद्यत्वाचा हक्क गळून केवळ राहण्याचे ठिकाण उरते. समोरच्याला विचारावे आणि तो सांगेल तो शब्द वापरावा.

मुलांना काय शिकवावे, याला आपल्याच गावात विषय आहे. ठाण्याच्या कारागृहावरून आपण रोज जात असाल. अकोले तालुक्यातील देवगावचे महादेव कोळी वीर राघोजी भांगरे यांनी सावकार आणि इंग्रज या दोघांविरुद्ध बंड पुकारले, त्यांना २ मे १८४८ रोजी तेथेच फाशी देण्यात आले. पालघर जिल्हा २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्याचाच भाग होता, त्यामुळे १९४५ चा वारल्यांचा लढा हाही आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आहे. वेठबिगारीला नकार देऊन आणि गवतकापणीची वाजवी मजुरी मागून उभ्या राहिलेल्या वारल्यांवर १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्यात गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. आठवी-नववीच्या मुलांना हे सांगितले, तर ती पिसे लावून नाचायला स्वतःच नकार देतील. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालयही एकदा मुलांना दाखवण्यासारखे आहे, पण संग्रहालय आधी आणि पाडा नंतर, असा क्रम नसावा; नाहीतर मुले माणसांनाही काचेमागच्या वस्तूंसारखी पाहू लागतात.

जाता जाता रानभाज्यांविषयी, कारण पुढे कोणीतरी ‘रानभाजी महोत्सव’ सुचवणारच आहे. जूनच्या पहिल्या पावसात शेवळे घेऊन बायका ठाणे स्थानकाबाहेर पदपथावर बसतात. शेवळ्याबरोबर काकडे, म्हणजे आंबट रानफळे, घातली नाहीत तर घशाला खाज सुटते, हे त्या गिऱ्हाइकाला न विचारता सांगतात आणि वर मूठभर काकडे वाट्यात घालून देतात. ही सगळी विद्या दहा-वीस रुपयांच्या वाट्यात फुकट मिळते आणि आपण त्या वाट्यासाठी घासाघीस करतो. महोत्सव भरवण्याआधी ती घासाघीस थांबवावी.

ठाण्याचा एक वकील

एक मुद्दा राहिला. मुंबईत आरेत सत्तावीस आदिवासी पाडे आहेत, हे बहुतेकांना २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडली गेली तेव्हा प्रथम कळले. ज्या वाघोबाचे, म्हणजे वाघदेवाचे, चित्र आपण कौतुकाने टांगतो, त्याचे देवस्थान जंगलात असते आणि वाघबारशीला तेथेच त्याला नैवेद्य जातो. जमीन गेली की ते देवस्थानही जाते. वनहक्क कायदा २००६ चा आहे, परंतु दाव्यासाठी पुरावे गोळा करण्यापासून जातीच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालण्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर लिहिता-वाचता येणारा माणूस लागतो. आपल्या सोसायटीत निवृत्त महसूल कर्मचारी, सनदी लेखापाल आणि वकील नक्की असतील. पाड्यावरच्यांना हवे असेल, तर त्यांनी महिन्यातून एक रविवार द्यावा. शिवाय घरकामाला येणाऱ्या बायकांसाठी आपल्याकडे वेगळी लिफ्ट आहे का, हेही येथे कळवावे.

मानपाड्याचा सचिव

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण काही गोष्टी केल्याशिवाय लिहिणे बरे वाटेना.

वकीलसाहेब, होय, वेगळी लिफ्ट आहे. विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत घेतला आहे आणि विरोध होईल, याची चिन्हे आत्ताच दिसत आहेत. डहाणूकर, मला मावशींचे आडनाव ठाऊक नव्हते. आता ठाऊक आहे, पण त्यांना न विचारता येथे लिहीत नाही. त्या वारली आहेत, त्यांच्या शेजारच्या तीन घरांत महादेव कोळी राहतात आणि पलीकडे कातकऱ्यांची दोन घरे आहेत, हेही त्यांच्याकडूनच कळले. ‘तुमच्या पाड्यावर आलो तर चालेल का?’ असे विचारल्यावर त्यांनी दोन दिवस उत्तर दिले नाही. तिसऱ्या दिवशी सांगितले की घरी विचारले आहे, रविवारी दुपारनंतर या, फार माणसे आणू नका.

समितीतील आम्ही तिघे गेलो. कॅमेरा नेला नाही. मावशींच्या सासऱ्यांनी ओटीवर घोंगडी अंथरली, काळा चहा दिला आणि पहिला अर्धा तास बोलणे पाऊस आणि बिबट्या यांपलीकडे गेले नाही. मग मी चौकाची गोष्ट काढली आणि चूक झाल्याचे सांगितले. ते म्हणाले, “तुम्हाला काय माहीत.” यात क्षमा होती की तक्रार, हे मला अजून ठरवता आलेले नाही. यंदा ९ ऑगस्टचा सोसायटीतील कार्यक्रम रद्द केला असून त्या दिवशी निघणाऱ्या मिरवणुकीला, मागे चालायला, आमच्यातील काही जण जाणार आहेत. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला पाड्यावर या, असे आमंत्रण आम्हाला मिळाले आहे. मुलांना न्यावे का, हे मावशी नंतर सांगणार आहेत.

भिंतीबद्दलही विचारले. तो चौक पुसून टाकावा, तर देवीवर रंग फिरवल्यासारखे होईल, आणि ठेवावा, तर तो कोणाच्याच लग्नाचा नाही, असा आमचा पेच होता. मावशींना त्यात पेच काहीच दिसला नाही. लग्न झाले की चौकाचे काम झाले, पुढे तो धुराने काळवंडतो, पावसाळ्यानंतर भिंत सारवली की जातो, असे त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनी विचारले, “तुमचा आपोआप जात नाही का?”

कंत्राटदाराने सात वर्षांची हमी दिली आहे, हे मी त्यांना सांगितले नाही. रंगाऱ्याला पुढच्या आठवड्यात बोलावले आहे आणि चपलांचा रॅक त्याच संध्याकाळी जिन्याखाली हलवला.